राजीनामा न देता येणारी नोकरी

20 डिसेंबर 2025 ला टॉटनहॅमविरुद्ध गोल मारता मारता लिव्हरपूलचा स्वीडिश स्ट्रायकर अलेक्झांडर इसाक याचा पाय मोडला. आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर लगेच मेसेज आला, "कर्माची फळं!" आणि त्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मी आर्सेनलवाला. लिव्हरपूलचं मला कौतुक नाही आणि न्यूकॅसलचं वावडं नाही. पण हाड मोडल्यावर एवढा आनंद? का, तर त्याने उन्हाळ्यात न्यूकॅसलशी भांडून लिव्हरपूल गाठलं म्हणून. "सही केली होती ना, मग गुमान खेळायचं," हे वाक्य तर गेले काही महिने मी इतक्यांदा वाचलंय की शेवटी म्हटलं, लिहूनच टाकू.

आधी झालं काय ते थोडक्यात. 2022 मध्ये न्यूकॅसलने इसाकला रेआल सोसिएदादकडून सुमारे 6 कोटी पौंडांना घेतलं, करार 2028 पर्यंतचा. 2024-25 मध्ये पठ्ठ्याने प्रीमियर लीगमध्ये 23 गोल मारले. मार्चमध्ये वेम्बलीवर लीग कपच्या फायनलमध्ये लिव्हरपूललाच गोल मारून न्यूकॅसलला 1955 नंतरचा पहिला मोठा देशांतर्गत चषक मिळवून दिला. मग त्याच लिव्हरपूलने मागणी घातली. न्यूकॅसल नाही म्हणालं. इसाक क्लबच्या आशिया दौऱ्यावर गेला नाही, स्पेनमध्ये जुन्या क्लबच्या मैदानावर एकटाच सराव करत बसला. लिव्हरपूलची 11 कोटींची बोली न्यूकॅसलने फेटाळली. 19 ऑगस्टला इसाकने इन्स्टाग्रामवर जाहीर केलं की मला शब्द दिला होता, तो मोडला. क्लबने त्याच रात्री उत्तर दिलं, आमच्याकडून कुणी असा शब्द दिलेला नाही. 1 सप्टेंबरला, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची खिडकी बंद व्हायच्या दिवशी, साडेबारा कोटी पौंडांना सौदा झाला. ब्रिटिश फुटबॉलमधला तोवरचा सर्वात महागडा.

इसाक धुतल्या तांदळासारखा नव्हता, हे मान्यच. हंगाम तोंडावर असताना संघाला वाऱ्यावर सोडलं. 25 ऑगस्टला लिव्हरपूलविरुद्ध त्याच्या जागी अँथनी गॉर्डनला पुढे खेळवावं लागलं, तो पहिल्याच हाफमध्ये लाल कार्ड घेऊन बाहेर, आणि न्यूकॅसल 2-3 हरलं. सरावाविना गेलेला उन्हाळा इसाकलाही भोवला, लिव्हरपूलमध्ये सुरुवातीला तो ओळखू येत नव्हता.

पण मला सांगा, त्याने दुसरं करायचं काय होतं?

पुण्यात आयटीत काम करणाऱ्याला तीन महिन्यांचा नोटीस पिरियड म्हणजे जन्मठेप वाटते. दुसरीकडे तीस टक्के जास्त मिळाले की आपण पेपर टाकतो, मॅनेजर चार दिवस तोंड वाकडं करतो, मग फेअरवेलचा केक कापतो. कुणी गद्दार म्हणत नाही. फुटबॉलपटूला पेपर टाकताच येत नाहीत. त्याची नोंदणी क्लबच्या हातात. क्लबने सोडलं तरच दुसरीकडे खेळायचं, नाहीतर करार संपेपर्यंत थांबायचं. सव्विसाव्या वर्षी तीन वर्षं थांबणं म्हणजे काय, हे पस्तिशीत बूट टांगणाऱ्या माणसाला विचारा.

आणि क्लब धरून ठेवतो ते प्रेमापोटी नाही. इसाकचे 6 कोटी न्यूकॅसलच्या वहीत सहा वर्षांत वाटून टाकलेले, म्हणजे दरवर्षी साधारण एक कोटी. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत उरली 3 कोटी. साडेबारा कोटींना विकला की 9 कोटींच्या वर नफा एका झटक्यात त्याच वर्षाच्या खात्यात. खर्चाच्या नियमांनी जेरीस आलेल्या क्लबला असा नफा म्हणजे लॉटरी. त्यामुळे "तो विकाऊ नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "या भावाला विकाऊ नाही" एवढाच असतो.

गंमत म्हणजे हे सगळं याच न्यूकॅसल क्लबात सुमारे 65 वर्षांपूर्वी घडून गेलंय. आम्हा आर्सेनलवाल्यांना जॉर्ज ईस्टहॅम हे नाव माहीत असतं, बाकीच्यांनी जरूर वाचावं. तेव्हा इंग्लंडमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त 20 पौंड पगाराची मर्यादा होती. त्याहून वाईट म्हणजे करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकायचा. नवा करार नको म्हणालात तर पगार बंद, आणि दुसरीकडे खेळायचीही बंदी. ईस्टहॅमची तक्रार साधी होती. क्लबने दिलेलं घर राहण्यालायक नव्हतं, बाहेरची जोडनोकरी नीट नव्हती. 1960 मध्ये करार संपल्यावर त्याने सही केली नाही. न्यूकॅसलने सोडलं नाही. मग हा गडी सरळ दक्षिण इंग्लंडात गेला आणि ओळखीच्या एका व्यावसायिकाकडे कॉर्क विकायला लागला. बुचाचा कॉर्क! इंग्लंडच्या आघाडीच्या फळीतल्या उत्तम खेळाडूंपैकी एक माणूस मैदान सोडून सेल्समन झाला होता. काही महिन्यांनी न्यूकॅसल नमलं आणि 47,500 पौंडांना त्याला आर्सेनलला विकलं.

इथे कुणीही विषय सोडून दिला असता. ईस्टहॅम खेळाडूंच्या संघटनेच्या पाठबळावर कोर्टात गेला, आणि 1963 मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की ही अडकवून ठेवण्याची पद्धत म्हणजे माणसाच्या धंद्यावर अवाजवी बंधन आहे. बुडालेला पगार मात्र त्याला मिळाला नाही, कारण तू स्वतःच खेळायला नकार दिलास, असं कोर्टाचं म्हणणं. फायदा मागून आलेल्यांनी घेतला. पुढे बेल्जियमचा खेळाडू बोस्मन याच्या खटल्यातल्या 1995 च्या निकालाने करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ शकेल हे युरोपभर पक्कं झालं. बोस्मनची कारकीर्द मात्र त्या लढाईत संपली, तो भाग वेगळाच.

म्हणजे करार संपल्यानंतरची वाट मोकळी झाली. करार चालू असताना काय, हा प्रश्न तसाच आहे.

सहीचं पावित्र्य क्लबांना कधी आठवतं तेही बघा. 2023 मध्ये फ्रान्सच्या एम्बापेने करार वाढवणार नाही असं कळवलं, तर त्याच्या पॅरिसच्या पीएसजी क्लबने त्याला जपान दौऱ्यातून वगळून नकोशा खेळाडूंबरोबर सरावाला बसवलं. शेवटी थकलेल्या पैशांसाठी तो कोर्टात गेला आणि डिसेंबर 2025 मध्ये पॅरिसच्या कामगार न्यायालयाने क्लबला सुमारे 6 कोटी युरो द्यायला सांगितले. चेल्सीने रहीम स्टर्लिंगला करार चालू असताना संघापासून वेगळा ठेवला. इंग्लंडात अशा बाजूला काढलेल्या खेळाडूंना "बॉम्ब स्क्वॉड" म्हणतात. तेव्हा कुणी चेल्सीचा झेंडा जाळल्याचं ऐकलं नाही. खेळाडू सरावाला आला नाही की संप, क्लबने येऊ दिलं नाही की "व्यवस्थापनाचा निर्णय".

फिफाच्या नियमांत एक चोरवाट आहे म्हणा. वयाच्या 28 च्या आत सही केलेल्या खेळाडूला तीन पूर्ण हंगाम किंवा तीन वर्षं झाल्यावर भरपाई देऊन एकतर्फी निघता येतं. स्कॉटलंडचा अँडी वेबस्टर 2006 मध्ये असाच हार्ट्स सोडून विगनला गेला, भरपाई शेवटी क्रीडा लवादाने दीड लाख पौंडांवर आणली, आणि सगळ्यांना वाटलं आता धरण फुटलं. पण 2009 मध्ये असाच क्लब सोडलेल्या ब्राझीलच्या मातुझालेमच्या प्रकरणात त्याच क्रीडा लवादाने जवळपास 1 कोटी 19 लाख युरो ठोठावले. भरपाई किती ते निघून गेल्यावर, वर्षा-दोन वर्षांनी कळणार! इसाकची तीन वर्षं ऑगस्ट 2025 मध्ये पूर्ण होत होती. पण असा जुगार कोण खेळणार?

माझं मत विचाराल तर स्पेनसारखं करा. तिथे 1985 पासून खेळाडू ठरलेली रक्कम भरून करार मोडू शकतो. 2017 मध्ये नेमारसाठी 22.2 कोटी युरो जमा झाले आणि बार्सिलोना बघत राहिलं. आता तिथे 100 कोटींचे आकडे लिहून पळवाट काढतात, म्हणून आकडा पगाराच्या पटीत बांधून टाका. आकडा पहिल्या दिवसापासून कागदावर असला की इन्स्टाग्रामवर रडायची गरज नाही.

आणि ग्रुपवरच्या मंडळींसाठी एक शेवटची माहिती. इसाक गेला त्याच 1 सप्टेंबरला न्यूकॅसलने ब्रेंटफर्डकडून स्ट्रायकर योआन विसाला घेतलं. विसाने न्यूकॅसलला जाण्यासाठी काय केलं होतं? पोर्तुगालमधलं सराव शिबिर सोडून निघून आला, ब्रेंटफर्डकडून खेळला नाही, आणि क्लब आपली वाट अडवतोय म्हणून इन्स्टाग्रामवर लांबलचक पोस्ट टाकली. त्याला गद्दार म्हणणारा मेसेज ग्रुपवर शोधून दाखवा, पुढच्या सामन्याची मिसळ माझ्याकडून.