मराठी दूरचित्रवाणीचा जन्म 1999 चा नव्हे

मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासाविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. त्याचा आशय असा, की मराठी दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने 1999 मध्ये खासगी वाहिनीपासून सुरू झाली. त्याआधीचे मुंबईतील वरळीचे दूरदर्शन केंद्र दिल्लीचे कार्यक्रम पुढे पाठवण्यापुरते होते. तेथे शेतीची माहिती आणि सरकारी घोषणा यांपलीकडे काही नसे. आणि ‘सह्याद्री’ ही राज्य सरकारने 2000 मध्ये काढलेली वाहिनी आहे. यांपैकी एकही विधान टिकत नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्राचे उद्घाटन 2 ऑक्टोबर 1972 रोजी झाले. दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी सुरू झालेल्या प्रायोगिक सेवेनंतर देशात दूरचित्रवाणी मिळालेले मुंबई हे दुसरे शहर होते. कोलकाता आणि चेन्नई यांना 1975 पर्यंत थांबावे लागले. अल्फा मराठी (आजची झी मराठी) ही खासगी वाहिनी 15 ऑगस्ट 1999 रोजी दिसू लागली, तेव्हा वरळीच्या केंद्राला सत्तावीस वर्षे पूर्ण होत आली होती.

वरळीचे केंद्र दिल्लीचे कार्यक्रम पुढे पाठवण्यापुरते होते, हे दुसरे विधान मला सर्वांत अन्यायकारक वाटते, कारण त्यात घटनांचा क्रमच उलटा झाला आहे. देशभरातील केंद्रांना उपग्रहाद्वारे जोडणारा राष्ट्रीय कार्यक्रम 15 ऑगस्ट 1982 रोजी, म्हणजे रंगीत प्रक्षेपणासोबतच, सुरू झाला. त्यापूर्वीची दहा वर्षे दिल्लीचे रोजचे कार्यक्रम मुंबईत थेट दाखवण्याची सोयच नव्हती. त्यामुळे संध्याकाळच्या प्रक्षेपणाचा बहुतेक वेळ वरळीच्या निर्मात्यांनाच भरून काढावा लागे. त्या गरजेतून ‘गजरा’मधील विनोदी प्रवेश आले, साहित्यिक आणि कलावंतांच्या मुलाखतींचे ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ आले, मुलांसाठी ‘किलबिल’ आले आणि चि. वि. जोशी यांच्या कथांवरून दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी उभे केलेले चिमणराव आणि गुंड्याभाऊ घराघरांत पोहोचले. भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांचे चेहरे प्रेक्षकांना पहिल्यांदा ओळखीचे झाले तेही याच कृष्णधवल पडद्यावरून. शहर बहुभाषक असल्याने हिंदी आणि गुजराती कार्यक्रमांनाही येथे जागा होती. दिल्लीचे वर्चस्व आले ते 1982 नंतर: रात्रीचा सर्वाधिक पाहिला जाणारा वेळ राष्ट्रीय कार्यक्रमाकडे गेला आणि मराठीला त्याच्या आधीच्या वेळेत सामावून घ्यावे लागले. तक्रार करायची तर या निर्णयाबद्दल करावी. पण त्याच्या आधारे आधीच्या दशकातील काम पुसून टाकता येत नाही.

हे काम आज सहज दिसत नाही, याला एक कारण आहे. त्या काळी ध्वनिचित्रफिती महाग असत, त्यामुळे अनेक फितींवर जुने कार्यक्रम पुसून नवे मुद्रित केले गेले. जे जतन झाले नाही ते घडलेच नाही, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही.

शेतीच्या कार्यक्रमांबद्दल बोलायचे तर ‘आमची माती आमची माणसं’ हे नाव आजही मराठी माणसाच्या तोंडी आहे आणि त्या कार्यक्रमाची लाज वाटावी असे मला काहीच दिसत नाही. निर्माते आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमाने तर प्रेक्षकांची मंडळे उभी केली, लोक केवळ पाहत बसले नाहीत, संघटित झाले. सरकारी घोषणांमागच्या नियंत्रणाचा आरोप मात्र बातम्यांपुरता खरा आहे. 1 एप्रिल 1976 रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले, तरी केंद्राच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयापासून नव्हे, आणि आणीबाणीच्या काळात तर स्वातंत्र्याचा प्रश्नच नव्हता.

‘सह्याद्री’ राज्य सरकारची असणे घटनेच्या चौकटीतच बसत नाही, कारण प्रसारण हा केंद्र सूचीतील, म्हणजे केंद्र सरकारच्या अधिकारातील, विषय आहे. वाहिनी प्रसार भारतीची आहे, आणि ते महामंडळ नोव्हेंबर 1997 मध्ये अस्तित्वात आले. उपग्रहावरील मराठी सेवा 1990 च्या दशकातच डीडी-10 या नावाने चालू होती. 2000 मध्ये तिचे नाव बदलले, जन्म झाला नाही.

या केंद्राच्या इतिहासात खरी उणीव शोधायची असेल तर ती या मजकुरात न आलेल्या ठिकाणी आहे. 1973 मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले, पण मराठवाडा आणि विदर्भ कितीतरी वर्षे त्या कक्षेबाहेर राहिले. 1975-76 मध्ये उपग्रहाद्वारे गावांना दूरचित्रवाणीवरून शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याच्या प्रयोगासाठी सहा राज्यांतील सुमारे 2400 गावे निवडली गेली, त्या सहांतही महाराष्ट्र नव्हता. ‘आमची माती’ म्हणणारा कार्यक्रम ज्या शेतकऱ्यासाठी होता, त्याच्यापैकी फार मोठ्या भागाला तो सुरुवातीची अनेक वर्षे पाहताच आला नाही.