आणीबाणीत कोणाला कळवायचं?

परदेशात आल्यावर मला सगळ्यात अवघड गेलेला प्रश्न एका दवाखान्याच्या फॉर्मवर होता. नाव, जन्मतारीख, अ‍ॅलर्जी, सगळं भराभर भरलं आणि खाली ती ओळ आली: आणीबाणीत कोणाला कळवायचं? मी नवऱ्याचं नाव लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, ते आत्ता शहरात आहेत का? नव्हता. विमानात होता. "मग इथलंच कोणी?" पेन हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे, मागचा माणूस खाकरला तेव्हा भानावर आले. ज्यांची नावं झोपेतसुद्धा लिहिली असती त्या सगळ्याजणी हजारो किलोमीटर लांब. शेवटी लिहिलं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईचं नाव. ओळख अकरा आठवड्यांची. आडनावाचं स्पेलिंग येईना, म्हणून तिथूनच तिला फोन लावला. तिनं एकेक अक्षर सांगितलं आणि शेवटचं अक्षर झाल्यावर म्हणाली, "कुठल्या दवाखान्यात आहेस? थांब, आले."

हे आज आठवलं कारण परवा फोनवर एक जुनी मैत्रीण म्हणाली, "तुमच्या तिकडच्या मैत्रिणी म्हणजे काय, गरजेपुरत्या." तिनं टोमणा मारला नव्हता. पण मला लागलं, आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. गरजेपुरत्या असतील. मग? गरजेतून झालेली मैत्री कमअस्सल असते हे ठरवलं कोणी?

शाळेतल्या मैत्रिणी तरी आपण कुठे पारखून घेतल्या होत्या? बाकावर शेजारी बसली ती मैत्रीण. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वेस्टगेट वसाहतीचा अभ्यास १९५० साली छापला. कोणाचं कोणाशी जमलं, तर ज्यांची दारं लागून होती त्यांचं. जिन्याशी घर असलेल्यांच्या वरच्या मजल्यावर जास्त ओळखी, कारण जाता-येता गाठ पडायची. आमचा जिना म्हणजे तळघरातली कपडे धुण्याची खोली. दोन मशीन, एक कायम बंद. आपले कपडे टाकून वर जावं तर परत येईपर्यंत कोणीतरी ते ओलेच बाहेर काढून ठेवलेले असायचे, म्हणून तिथंच बसायचं. एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, दुसरीनं पालथ्या बादलीवर बसायचं. मोडक्या इंग्रजीत मी आणि वरच्या मजल्यावरची काय काय बोललो असू! तिच्या वडिलांचं आजारपण मला तिथं कळलं. माझी सुटलेली नोकरी, जिच्याबद्दल मी घरीही "ठीक आहे गं" एवढंच म्हणत होते, ती तिला तिथं कळली. माझा एक निळा मोजा तिच्याकडे गेला तो शेवटपर्यंत मिळाला नाही.

जेफ्री हॉल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं नुकतंच गाव बदललेल्या लोकांना आणि कॉलेजात नव्यानं आलेल्या मुलांना विचारून २०१८ मध्ये एक हिशेब मांडला होता. ओळखीचा साधा मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र व्हायला ९०, जिवलग व्हायला २०० च्या वर. नुसते एका ऑफिसात शेजारी बसलेले तास फारसे धरायचे नाहीत. आपल्या ओळखीच्या शहरात, नोकरी-घर-नातेवाईक सांभाळून हे २०० तास जमायला वर्षं जातात. इथं एका हिवाळ्यात जमले. मूल तापानं फणफणलेलं आणि घरात दुसरं माणूस नाही, अशी एकच रात्र त्यातले किती तास खाऊन टाकते!

आता सगळंच गोड आहे असं नाही. आपल्या भाषेच्या बायकांचा ग्रुप मिळाला तेव्हा मी अक्षरशः रडले होते. पहिले सहा महिने आम्ही भेटून फक्त कुरकुर केली. इथली हवा, इथले कारकून, इथले शेजारी. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं 'कल्चर शॉक'चे, म्हणजे परक्या देशात गेल्यावर बसणाऱ्या धक्क्याचे, टप्पे सांगितले आहेत. त्यातला दुसरा टप्पा हाच: आपल्या देशाच्या लोकांत घोळका करून बसायचं आणि यजमान देशाला नावं ठेवायची. हे भाषण त्यानं १९५४ च्या ऑगस्टमध्ये रिओ दि जानेरोत केलं, आणि कुठे, तर तिथल्या विमेन्स क्लबात. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्याजणी मनात म्हणाल्या असतील, आम्हाला सांगतोय होय!

कुरकुरीचं मला वावडं नाही. त्यानं जीव हलका होतो. मला खटकते ती उतरंड. कोणाचा नवरा कोणाच्या नवऱ्याचा साहेब, त्यावर कोणाच्या विनोदाला किती हसायचं ते ठरतं. आणि त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे बोललेलं फिरतं. जिचा व्हिसाच नवऱ्याच्या व्हिसावर लटकलेला आहे, स्वतःचा पगार नाही, बँकेतलं खातं जोडखातं, तिच्या घरात काही बिनसलं तर ती या ग्रुपमध्ये तोंड कशी उघडेल? समोर बसलेल्या चौघींचे नवरे तिच्या नवऱ्याबरोबर रोज जेवतात. मी एकीला वर्षभर हसताना पाहिलं आणि एक दिवस ती मुलांना घेऊन निघून गेली. आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. माहीत होतं ते तिच्या मुलाच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला. भाषा वेगळी, देश वेगळा, नवऱ्यांची ओळख शून्य. कागदपत्रांची पिशवी तीन महिने तिच्या कपाटात होती. तेव्हापासून नव्यानं आलेल्या प्रत्येकीला मी सांगते, आपल्या माणसांत जरूर ये, पण एक मैत्रीण आपल्या गोतावळ्याबाहेरची ठेव.

आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण डॉक्टरकीसाठी सांगतो. मला त्यातली दुसरी बाई जास्त आठवते. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर. १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत त्या एक मासिक चाळत होत्या. त्यात आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी मदत मागणारं गोपाळरावांचं पत्र छापलेलं होतं. यांनी घरी जाऊन पत्र लिहिलं. पुढं तीन वर्षं पत्रं, आणि १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या त्या यांच्याच घरी. त्यांना मावशी म्हणायच्या. आधी गरज, मग पत्र, मग मावशी. १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी आनंदीबाई गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली आहे. याला गरजेपुरतं म्हणायचं का?

वरच्या मजल्यावरची दोन वर्षांपूर्वी गेली. तिसऱ्याच देशात, नवऱ्याची बदली. निघताना माझ्या घराची किल्ली एका पाकिटात घालून परत दिली, पाकिटावर माझं नाव, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक चूक. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी कोणाशी नीट ओळखच करून घेतली नाही. पुन्हा ते सगळं पहिल्यापासून कोण करणार, असं वाटायचं. तळघरात कपडे टाकून सरळ वर यायचे. ओले काढून ठेवले तर ठेवू देत.

मग गेल्या महिन्यात पहाटे तीनला फोन वाजला. एवढ्या रात्री फोन म्हणजे पोटात गोळाच. बघते तर ती. दवाखान्यातली माझी अपॉइंटमेंट मी विसरले होते, माझा फोन दिवसभर बंद होता, म्हणून त्यांनी फॉर्मवरचा दुसरा नंबर फिरवला होता. तिनं तो बँकेसाठी अजून चालू ठेवलाय. तिकडं तेव्हा सकाळ होती आणि ती ओरडत होती, "बरी आहेस ना? मग तपासणी का चुकवलीस? आणि ऐक, तुझा मोजा सापडला."