महिना दोन हजारांचे ‘फुकटे’ ग्रंथपाल

गेल्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर मामेभावाने एक मेसेज ढकलला. ‘जागे व्हा! तुमच्या पैशावर पोसलेली वाचनालयं बंद करा!’ खाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘पटलं तर दहा जणांना पाठवा’. असले मेसेज मी उघडतसुद्धा नाही. पण त्याच ग्रुपवर माझी मावशी आहे, म्हणजे त्याची सख्खी आत्या. सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात ती बावीस वर्षं वाचनालय सांभाळते आहे. तिने मेसेजखाली हात जोडले आणि लिहिलं, ‘असेल बाबा.’ ते वाचून माझं डोकं फिरलं.

आधी सगळ्यात संतापजनक मुद्दा. ‘ग्रंथपाल सरकारी पगार घेऊन दिवसभर झोपा काढतात.’

कुठला सरकारी पगार? महाराष्ट्रातली गावोगावची वाचनालयं सरकारची नाहीतच. ती नोंदणीकृत संस्था चालवतात. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार सरकार त्यांना मान्यता देतं, अ, ब, क, ड असे वर्ग पाडतं आणि त्या-त्या वर्गाप्रमाणे अनुदान देतं. ग्रंथपाल सरकारी नोकर नाही. त्याला वेतनश्रेणी नाही, पेन्शन नाही. मावशीचं वाचनालय ‘ड’ वर्गात आहे. 2012 पासून ‘ड’ वर्गाचं अनुदान होतं 30,000 रुपये. महिन्याला नव्हे, वर्षाला. त्यातला निम्मा हिस्सा पगारासाठी, उरलेल्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, सगळं. म्हणजे पगार महिना 1,250. दहा वर्षांनी, 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ जाहीर झाली तेव्हा याच मामेभावाने ‘आत्या, पार्टी कधी?’ असं विचारलं होतं. त्या वाढीनंतर अनुदान झालं 48,000, पगार महिना 2,000. साठ टक्के साठ टक्के म्हणून जे गाजलं ते साडेसातशे रुपये. तेही दर महिन्याला हातात पडत नाहीत. अनुदान हप्त्यांनी येतं, आणि हप्ता लांबला की किराणा दुकानातली उधारी लांबते.

झोपांचं म्हणाल तर मागच्या दिवाळीत मी दोन संध्याकाळी तिथे बसलो होतो. मावशी नव्या दिवाळी अंकांच्या पिना काढत होती. पिना गंजतात, पानं सुटतात, म्हणून ती दाभणाने भोकं पाडून अंक दोऱ्याने शिवते. मग वर जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर, आतल्या पानावर शिक्का, दाखल नोंदवहीत नंबर. एक अंक सुगी संपेपर्यंत तीस-चाळीस घरं फिरतो, त्याला एवढं करावंच लागतं. मधेच एक पोरगा आला, ‘आजीने सांगितलंय, मागचं विहिरीवालं होतं तसलं दुसरं द्या.’ लेखक माहीत नाही, नाव माहीत नाही. मावशी उठली आणि तिसऱ्या कपाटातून एक कादंबरी काढून दिली. आजीला ती आवडली असणार, कारण दुसऱ्या दिवशी पोरगा पुन्हा दारात.

मुद्दा दोन, ‘सगळी पुस्तकं मोबाईलवर फुकट मिळतात.’ आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतो. म्हणजे फुकट आणि कायदेशीर मिळतं ते जुनं. संतवाङ्मय घ्या, शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या घ्या, आनंद आहे. बाकी टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफ म्हणजे चक्क चोरी. मामेभावाच्या फोनमध्ये अशी चारेकशे पुस्तकं आहेत. त्यातलं एखादं उघडलंयस का रे?

मुद्दा तीन, ‘घरपट्टीतून ग्रंथालय कर कापतात.’ हा मेसेज बहुधा दुसऱ्या राज्यातून भाषांतर होऊन आलाय. कर्नाटकात, तमिळनाडूत, केरळमध्ये असा उपकर आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात तो ठेवलाच नाही. मी माझं बिल काढून पाहिलं. शिक्षण कर आहे, वृक्ष कर आहे, ग्रंथालयाच्या नावाने छदाम नाही. खरं तर असता तर बरं झालं असतं, निदान दर अधिवेशनात अनुदानवाढीची वाट बघावी लागली नसती.

‘तिथे फक्त म्हातारे पेपर वाचायला येतात.’ येतात. मग?

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. ‘निम्मी वाचनालयं कागदावर आहेत’ हे वाक्य हवेतलं नाही. निम्मी हा आकडा मेसेजवाल्याने कुठून आणला त्यालाच ठाऊक, पण बोगस होती. 2012 च्या मे महिन्यात महसूल खात्याकडून राज्यभर पडताळणी झाली तेव्हा कुठे नुसतीच पाटी, कुठे कुलूप, कुठे पुस्तकांऐवजी रजिस्टर, असं बरंच सापडलं. अनुदान लाटणारे होते आणि त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी होती. पण त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गवाढ वर्षानुवर्षं थांबली. याचा फटका पाटीवाल्यांना काय बसणार? तो बसला मावशीला. ‘क’ वर्गात जाण्यासाठी पुस्तकं जमवली, सभासद वाढवले, दप्तर चोख ठेवलं, आणि दार बंद. बावीसपैकी बरीच वर्षं ती ‘ड’ मध्येच आहे ती तिच्या झोपांमुळे नव्हे.

हे सगळे आकडे मी ग्रुपवर टाकले. मामेभावाचं उत्तर आलं, ‘अरे, मला आला तसा पाठवला.’