‘नुसतं गवत आणि चिखल’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

इंग्लंडमधल्या ब्लेनहाइम राजवाड्याच्या माझ्या सहलीबद्दलचा तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. ‘ब्लेनहाइम पॅलेस दाखवतो म्हणून नेलं आणि दीड तास नुसतं गवत आणि चिखल तुडवायला लावलं, कारंज्यांच्या बागेला जेमतेम दहा मिनिटं, आईचे गुडघे सुजले,’ असं तुम्ही लिहिलंय.

काकूंच्या बाबतीत चूक माझीच. चालणं किती आहे हे नोंदणीच्या वेळीच सांगायला हवं होतं. त्यांचे पूर्ण पैसे आजच परत पाठवतोय. यापुढे ज्यांना चालणं झेपत नाही त्यांना गाडी आधी राजवाड्याशी सोडेल. कारंज्यांचा वेळही वाढवलाय.

पण ‘नुसतं गवत’ मनाला लागलं. शेजारच्या वूडस्टॉक गावाकडच्या कमानीतून मी मुद्दाम नेतो, कारण आत पाऊल टाकताच तळं, पूल आणि राजवाडा एकदम समोर येतात. ते तळं निसर्गाने दिलेलं नाही. तिथे ग्लाइम ही लहानशी नदी होती आणि तिच्यावर राजवाड्याचा वास्तुकार व्हॅनब्रू याने बांधलेला अवाढव्य पूल. पाणी एवढंसं, पूल एवढा मोठा! 1760च्या दशकात राजवाड्याचा मालक, मार्लबरोचा चौथा ड्यूक, याने बागांची रचना करणाऱ्या लॅन्सलॉट ब्राऊनला बोलावलं. ब्राऊनने नदीला बांध घालून पाणी चढवलं, पुलाच्या खालच्या खोल्या बुडाल्या आणि उरलेला पूल तळ्याला शोभू लागला. राजवाड्याच्या दक्षिणेची जुनी आखीव बाग काढून हिरवळ भिंतीपर्यंत आणली तीही त्यानेच. म्हणजे ताई, तुम्ही पाहिलेलं गवत मोकळं राहून गेलेलं नाही, ते विचार करून आणलेलं आहे. झाडांचे पुंजकेसुद्धा कुठून काय दिसावं, काय झाकावं हे ठरवून लावलेले. ब्राऊन 1783 साली गेला. ती झाडं भरात आलेली त्याला पाहायला मिळाली नाहीत. मला त्या बागेत दरवेळी हेच आठवतं. तुम्हाला आवडलेली कारंजी खूप नंतरची, 1920च्या दशकातली.

हे सगळं मी पुलावर उभं राहून सांगायला हवं होतं. त्या दिवशी पाऊस होता म्हणून गाडीतच घाईने सांगून टाकलं आणि तुमच्या वाट्याला फक्त चिखल आला. याचं मला खरंच वाईट वाटतं.

काकूंची पुन्हा यायची इच्छा असेल तर राजवाड्याच्या बाजूने सावकाश पुलापर्यंत जाऊ. पैसे घेणार नाही.