घाऊक भाव आणि तुमचे ४० पॉइंट

ताई,

फोर्ज ऑफ एम्पायर्स या शहर वसवायच्या ऑनलाइन खेळावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया सकाळी ठाण्याच्या गाडीत वाचली. कोपरखैरणेला चढलो तेव्हा उभं राहायलाच जागा होती, ऐरोलीपर्यंत दोनदा वाचून झाली. तुम्ही लिहिलंय : "फोर्ज ऑफ एम्पायर्समध्ये दुसऱ्याच्या ग्रेट बिल्डिंगला १.९ ने पॉइंट टाका, तोटा नाही, असं तुम्ही सांगितलंत. पहिल्या नंबरचं बक्षीस १००, मी १९० टाकून बसले, परत आले १५०. तुमची आर्क ८० लेव्हलची, म्हणून तुम्हाला सगळं फुकट वाटतं. ही जुन्या खेळाडूंची लूट आहे. वर नाण्यांनी पॉइंट घ्या म्हणता, माझी तिजोरी रिकामी झाली."

'फुकट वाटतं' हे लागलं, आणि बरोबर जागी लागलं. इतर वाचकांसाठी : ग्रेट बिल्डिंग म्हणजे पॉइंट घालून लेव्हल वाढवायची खास इमारत. दुसऱ्याच्या बिल्डिंगमध्ये सर्वांत जास्त पॉइंट टाकणाऱ्यांना लेव्हल पूर्ण झाली की नंबराप्रमाणे बक्षीस मिळतं, आणि १.९ ने टाकणं म्हणजे त्या बक्षिसाच्या १.९ पट टाकणं. आर्क ही अशीच एक बिल्डिंग, ती आपलं बक्षीस वाढवते. आर्क ८० ला पोचली की बक्षिसावर ९० टक्के जादा मिळतात, म्हणून १०० चे १९० होतात आणि टाकलेलं परत येतं. तुमच्याकडे जादा ५० टक्केच. खेळ तासाला १ पॉइंट देतो, त्या चालीने तुमचे ४० तास माझ्या एका वाक्यात गेले. 'आर्क ८० असेल तर' एवढे चार शब्द मी लिहिलेच नव्हते. एपीएमसीतला घाऊक भाव ऐकून सेक्टरच्या कोपऱ्यावर अर्धा किलोसाठी हुज्जत घालावी, तसं झालं. भाव खोटा नसतो, पण तो पेटी उचलणाऱ्याचा असतो.

लूट मात्र मला मान्य नाही. तुमचे ४० माझ्या खिशात नाही आले, ज्याची बिल्डिंग त्याच्या बिल्डिंगमध्ये गेले. त्याला तेवढे स्वतःचे कमी घालावे लागले. लूट याच्या उलट असते : जुना खेळाडू १३० टाकून नंबर अडवतो, १९० घेऊन जातो आणि मालकाला बाकीचे ६० पदरचे भरावे लागतात. १.९ चा रिवाज गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, पडला तो हेच थांबवायला. म्हणून छोट्या आर्कवाल्याने १.९ च्या धाग्यात, म्हणजे या भावाने पॉइंट देण्याघेण्याच्या गटातल्या संदेशांत, देणारा म्हणून जाऊच नये, घेणारा म्हणून जावं. तुमची आर्क तिथे लावा. पाया तुम्ही भरायचा : समजा लेव्हल पूर्ण व्हायला ३८० शिल्लक राहीपर्यंत स्वतः घालायचे, मग कोणी १९० टाकले की उरतात १९०. मागून येणारा फार तर बरोबरी करील, आणि बरोबरीत आधी आलेल्याची जागा राहते. जागा पक्की नसताना कोणाकडून पॉइंट मागू नका. मी एकदा मागितले होते, रात्रीतून तिसराच वर चढून बसला आणि गिल्डमधल्या एका काकांची आठवडाभर समजूत काढत होतो.

नाण्यांचं म्हणाल तर तिथेही मी ढिलाई केली. पहिला पॉइंट ५० नाण्यांना, दुसरा १०० ला, दर वेळी ५० ची चढ, आणि चढलेला भाव पुन्हा उतरत नाही. पहिले २० पॉइंट १०,५०० नाण्यांत येतात. पहिले १०० घ्यायचे तर २,५२,५००, त्यातला शंभरावा एकटाच ५,०००. सुरुवातीच्या युगांत घरं बांधायलाच नाणी पुरत नाहीत, तेव्हा हा सौदा नको. नाणी नुसती साठून राहायला लागली की बघा. मूळ लेखात हे आता घातलंय, तुमचा उल्लेख करून.

आणखी एक. त्या १५० सोबत मेडलही आली असणार. मेडलांनी शहराला नवी जमीन मिळते, आणि या खेळात शेवटी अडतं ते जमिनीवरच. ४० पॉइंट महाग पडले का, हे तुमच्याकडे किती जागा मोकळी आहे त्यावर आहे. माझं शहर एके काळी आमच्या सेक्टरसारखं झालं होतं, भिंतीला भिंत, रस्ता वळवायलाही चौकोन नाही. तेव्हा मी ते ४० दिले असते, कुरकुरत का होईना.