ताई, पहिली यॅबी मेली नव्हती, तिनं कात टाकली होती

नमस्कार ताई,

तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून उत्तरही मराठीतच देतो. मेलबर्नच्या पश्चिमेकडची, टार्नीट-पॉइंट कुकची बरीच मराठी घरं आमच्याकडून मासे नेतात. त्यांच्याही हे उपयोगी पडेल.

तुमची तक्रार अशी: ७ वर्षांच्या मुलासाठी तुम्ही दोन फुटी टाकी, एक यॅबी (ऑस्ट्रेलियातली गोड्या पाण्यातली क्रेफिश, शेवंडीसारखी नांग्यांची) आणि तीन गजन (इथले तळाशी राहणारे छोटे मासे) नेलेत. "सगळे इथलेच आहेत, एकत्र राहतील," असं आमच्या काउंटरवरच्या मुलानं सांगितलं. दहा दिवसांत तिन्ही मासे गेले आणि झाडं उपटलेली दिसली. मग यॅबी मेली, ती तुम्ही बागेत पुरलीत. चार दिवसांनी टाकी साफ करताना लाकडाच्या ओंडक्याखाली दुसरी मेलेली यॅबी सापडली. आम्ही न सांगता दोन दिल्या आणि त्याही आजारी, असं तुमचं म्हणणं. विचारायला आलात तर "जिवंत प्राण्याचे पैसे परत मिळत नाहीत" एवढं ऐकवून तुम्हाला परत पाठवलं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. दुकान माझं आहे, त्यामुळे काउंटरवरून जे बोललं गेलं त्याची जबाबदारी माझी. तुमचं ऐकून न घेता तुम्हाला दारातून परत पाठवायला नको होतं. मनापासून माफी मागतो. यॅबीचे आणि तिन्ही माशांचे पैसे परत देतो. पावती नसली तरी चालेल.

माशांच्या बाबतीतही चूक आमचीच. इथले आहेत म्हणून एकत्र नांदतील, हा हिशेब मुळातच खोटा. नदीत यॅबी आणि मासे एकाच पाण्यात असतात खरे, पण तिथे माशाला पळायला जागा असते. दोन फुटी टाकीत गजन जाणार कुठे? तो बराच वेळ खालीच बसून असतो, आणि खालची जागा यॅबीची. ती रात्री फिरते, नांगीला लागेल ते धरते. पानं-मुळंही खाते, म्हणून तुमची झाडं गेली. हिचं शास्त्रीय नाव चेरॅक्स डिस्ट्रक्टर. शेततळ्यांचे बांध पोखरते, त्यावरून पडलेलं. हे सगळं टाकी विकण्याआधी सांगणं आमचं काम होतं.

आता यॅबीविषयी. तुम्ही टाकलेला पहिला फोटो मी चार-पाच वेळा मोठा करून पाहिला. पाठीचं कवच आणि शेपटी जिथे जुळतात तिथे आडवी फट आहे. डोळ्यांच्या जागी काचेसारखे रिकामे गोळे आहेत. नांग्या, पाय, अगदी लांब मिशासुद्धा जागच्या जागी आहेत, पण उजेड आरपार दिसतोय. ताई, तुम्ही बागेत पुरलीत ती यॅबीची कात होती. यॅबी तुम्हाला आम्ही एकच दिली होती आणि त्या वेळी ती जिवंत होती, ओंडक्याखाली लपून बसलेली.

यॅबीचं कवच वाढत नाही, त्यामुळे अंग वाढलं की ते टाकून द्यावं लागतं. पिल्लं वरचेवर कात टाकतात, मोठी यॅबी वर्षातून एक-दोनदा. त्याआधी ती जुन्या कवचातला थोडा चुना काढून जठराच्या भिंतीत साठवते. तिथे बटणासारखे दोन पांढरे खडे तयार होतात आणि कात टाकल्यावर ते विरघळून नव्या कवचाला लागतात. पण तेवढा चुना पुरत नाही, म्हणून ती स्वतःची कात खाते. पुढचे काही दिवस तिचं अंग मऊ असतं. ती बाहेर येत नाही, समोर टाकलेलं खात नाही. तिला बघून कुणालाही वाटेल, ही गेलीच.

त्यात मेलबर्नचं नळाचं पाणी मऊ, त्यात चुना कमी. अशा पाण्यात कात बाहेर काढून टाकणं म्हणजे तिच्या तोंडचा घास काढून घेणं. आणि तुम्ही लिहिलंय की रोग पसरू नये म्हणून तुम्ही घरात असलेलं, माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचं औषध पाण्यात घातलंत. बाटलीवर तांब्याचा उल्लेख आहे का तेवढं बघा. या औषधांपैकी काहींत तांबं असतं. माशाला ते बेतानं सोसतं, पण यॅबी, कोळंबी, खेकडा यांना विष. मऊ अंगाच्या यॅबीला तर अजिबातच सोसत नाही.

यात तुमचा दोष काढत नाही. आपल्यापैकी कुणाच्या घरी हे माहीत असणार? भारतातल्या नद्यांत क्रेफिश मुळात नाहीतच. आपल्याकडे शेवंड समुद्रातली, खेकडा ओढ्यातला. यॅबी दिसते शेवंडीसारखी, राहते तळ्याच्या चिखलात आणि बीळ करते खेकड्यासारखं. मी इथे आलो तेव्हा मलाही पहिली कात बघून धक्का बसला होता. म्हणूनच विकताना दोन मिनिटं थांबून हे सांगायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मान्य नाही. आजारी प्राणी आम्ही विकत नाही. जी यॅबी दहा दिवस धडधाकट शिकार करते आणि मग न अडकता संपूर्ण कात टाकते, ती निरोगीच होती.

तुम्ही रागानं लिहिलंय की पुन्हा असला प्राणी घरात आला तर वेरिबी नदीत सोडून देईन. कृपा करून तसं करू नका. व्हिक्टोरियात परवानगीशिवाय टाकीतला प्राणी नदीत सोडणं बेकायदा आहे, आणि टाकीतला रोग नदीतल्या यॅबींना लागू शकतो. नको असलेली यॅबी आमच्याकडे आणा, आम्ही ठेवून घेऊ. टास्मानियाला राहायला जाणाऱ्यांनी तर यॅबी सोबत नेऊच नये, तिथे ती पाळायला बंदी आहे.

मुलाला पुन्हा हवी असेल तर माझा सल्ला असा. दोन फुटी टाकीत एकटी यॅबी ठेवा, मासे नकोत. ती एकटी कंटाळत नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे टाका. झाकण घट्ट बसवा आणि वर वजन ठेवा, कारण एअरपंपाच्या नळीवरून चढून ती रात्रीत बाहेर पडते. घरात हीटरची गरज नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच ते घाला आणि फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा चुरा ठेवा.

मासे हवेच असतील तर टाकी चार फुटी लागेल, आणि मासे मरे रिव्हर रेनबोफिश, निदान सहा. ते चपळ, थव्यानं वरच्या पाण्यात फिरतात आणि यॅबीसारखेच हीटरशिवाय राहतात. तरीही एखादा मासा जाणार हे धरूनच चाला. आमच्या दुकानातल्या चार फुटी टाकीत आठ रेनबो आणि एक यॅबी होती, दोन वर्षांत दोन मासे गेले. निऑन, गोल्डफिश, गजन तिच्यासोबत नकोत. सिल्व्हर पर्च तर नकोच, तो मोठा झाला की यॅबीलाच खातो.

सोमवारपासून आमच्याकडे यॅबी मागणाऱ्याला आधी टाकीचं माप विचारतो. कातीची माहिती मराठी आणि इंग्रजीत छापून पिशवीत देतो. काउंटरवरच्या मुलालाही तुमचा फोटो दाखवून समजावलं. तो नवा आहे. त्यालाही वाईट वाटलं.

येताना टाकीतलं ग्लासभर पाणी आणा. त्यात तांबं आहे का ते फुकट तपासून देतो. असलं तर वाळू आणि फिल्टरचा स्पंज बदलल्याशिवाय नवी यॅबी घालू नका, मी विकणारही नाही. मुलालाही घेऊन या. आमच्या मोठ्या यॅबीनं गेल्या महिन्यात टाकलेली कात तिनं अर्धी खाल्ली, नांग्यांची बाजू उरली आहे. ती मी डबीत ठेवली आहे, त्याच्यासाठी.