उभे करून रक्तदाब मोजायला किती वेळ लागतो?

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘रक्तदाबाच्या गोळ्यांनी हाडे मोडतात, त्या ताबडतोब बंद करा’ असा मजकूर आला आणि त्याखाली आभाराचे जोडलेले हात पाहून माझा संताप अनावर झाला. यातल्या अर्ध्या सत्याची किंमत माझ्या आईने मोजली आहे. नवी गोळी सुरू झाल्यानंतरच्या आठव्या रात्री ती अंथरुणातून उठली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या ३ लाखांहून अधिक ज्येष्ठ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या ४५ दिवसांत खुब्याचे हाड मोडण्याचा धोका ४३ टक्क्यांनी वाढलेला त्यात आढळला. एवढ्या थोड्या दिवसांत हाडे ठिसूळ होत नसतात; शरीर औषधाला सरावण्याआधी उठताना दाब एकदम उतरतो, तोल जातो आणि माणूस पडतो. आईचे नेमके हेच झाले.

दुसरी बाजू तर त्या मजकुरात नावालाही नाही. अमेरिकेतील एका चाचणीतल्या २२ हजारांहून अधिक रुग्णांचे २०१६ मधील विश्लेषण सांगते, की लिसिनोप्रिल किंवा अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा क्लोरथॅलिडोन ही गोळी घेणाऱ्यांमध्ये खुबा आणि ओटीपोटाची हाडे मोडण्याचा धोका २१ टक्क्यांनी कमी होता. क्लोरथॅलिडोन हे थायझाइड प्रकारचे, म्हणजे लघवी वाढवणारे औषध लघवीवाटे जाणारे कॅल्शियम रोखून धरते. त्याने काहींच्या रक्तातील सोडियम घसरते, हे मान्य करावे लागते. पण म्हणून सगळ्याच गोळ्या फेकून देऊन पक्षाघाताला आमंत्रण द्यायचे का?

माझा खरा राग मात्र त्या मजकुरावर नाही, तो त्या दिवशीच्या तपासणीवर आहे. आईचा दाब खुर्चीत बसवून एकदा मोजला गेला आणि चिठ्ठी हातात पडली. तिला उभे करून एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजले असते, तर वरचा आकडा २० ने किंवा त्याहून जास्त उतरतो का, हे तिथेच कळले असते. दवाखान्यात गर्दी असते, हे मला समजते. तरीही ‘उठताना सावकाश उठा’ एवढे सांगायलाही कोणाला सवड नसावी, हे मला आजवर पचलेले नाही, आणि मीही त्या वेळी काही विचारले नाही, हे त्याहून कमी पचते.

आई आजही तीच गोळी घेते, कमी मात्रेत. रात्री उठण्याआधी ती पलंगाच्या कडेला बसून साठपर्यंत आकडे मोजते, आणि शेजारच्या खोलीत मी ते साठपर्यंत ऐकत जागा असतो.